शुगर आहे? ईसीजी नॉर्मल आला तरी हृदयाकडे लक्ष द्या

पिंपळगाव बसवंत : शुगर म्हटली की आपण डोळे, पाय आणि किडनी तपासून घेतो. हृदयाचा विषय निघतो तो छातीत दुखल्यावरच. पण टाइप २ मधुमेहात हृदयातला बदल त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असू शकतो.

नेमके काय होते?
हृदयाचा डावा कप्पा आधी सैल होऊन रक्ताने भरतो, मग आवळून ते रक्त शरीरभर पाठवतो. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, त्यात बीपी आणि वजनाची भर पडली, की हा स्नायू ताठर होतो आणि नीट सैल होत नाही. याला डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणतात. या टप्प्यावर पंपिंग नॉर्मल दिसते, ईसीजीही साफ येऊ शकतो. नळ्यांत ब्लॉकेज नसतानाही हे घडते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात १९७४ साली दिसले, की मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचे प्रमाण दुपटीहून जास्त, तर मधुमेही बायकांत सुमारे पाचपट होते. म्हणून अम्मीचा दम ‘वयामुळे आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

ही लक्षणे ओळखा
• मार्केट यार्डातल्या किंवा घरातल्या रोजच्या कामात दम लागणे
• सजद्यात किंवा चप्पल घालायला वाकल्यावर श्वास कोंडणे
• झोपताना उशी वाढवावी लागणे
• संध्याकाळी घोट्यांवर सूज

कोणती तपासणी?
टू-डी इको करताना ‘डायस्टोलिक फंक्शन कसे आहे?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा. एनटी-प्रोबीएनपी या रक्ततपासणीतूनही हृदयावरचा ताण कळतो. तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि बीपी सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात. सुरुवात तिथून करा.

उपाय
साखर, बीपी, वजन ताब्यात ठेवणे, रोज चालणे आणि तंबाखू सोडणे हा पाया. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी हार्ट फेल्युअरमुळे दवाखान्यात भरती होण्याचा धोका घटतो. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५मध्ये संपल्याने ती आता स्वस्तातही मिळते. मात्र या गोळ्यांनी लघवी वाढून अंगातले पाणी कमी होऊ शकते. त्यामुळे रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटून रोजा आणि गोळ्यांच्या वेळा ठरवा. मनाने गोळी सुरू किंवा बंद करू नका.

दम अचानक वाढला, छातीत दाब आला किंवा घाम फुटला, तर घरी थांबू नका. १०८ला फोन करा.