देऊसकरांची रिवायत

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन १९६८ साली झाले. तिथे बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेशातले, दुसरे स्त्रीभूमिकेतले. चित्रकार गोपाळ देऊसकर.

देऊसकर १९११ साली अहमदनगरला जन्मले. काका रामकृष्ण वामन देऊसकर हैदराबादला चित्रकार होते. गोपाळ त्यांच्याकडे वाढले. पुढे मुंबईचे जे. जे. स्कूल, आणि मग निजाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर लंडन.

आमच्या नांदेड-लातूरकडे निजाम म्हटले की रझाकार आठवतात. साहजिकच आहे. त्या राज्यात मराठी शाळांची झालेली आबाळही मराठीचा शिक्षक म्हणून मला विसरता येत नाही. पण त्याच खजिन्यातून एका मराठी चित्रकाराचा हात घडला, हेही सांगायला हवे.

हुबेहूब व्यक्तिचित्र ही आपली परंपरा नव्हे, इंग्रजांनी आणलेली नक्कल आहे, असे काहीजण म्हणतात. तैलरंग आणि छायाप्रकाशाचे ते तंत्र बाहेरून आले, हे खरेच. पण उर्दूत परंपरेला 'रिवायत' म्हणतात. मूळ अर्थ, एकाने दुसऱ्याला कथन करणे. हदीसच्या रिवायतीत कोणी कोणाकडून ऐकले ती साखळी तपासतात. सांगणाऱ्याचे गाव कुठले, हा प्रश्न नंतरचा. देऊसकरांची साखळी काकांपासून सुरू होते. कोल्हापुरात त्याआधीच आबालाल रहिमान जे. जे.त शिकून शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले होते, आणि त्यांच्या कामाचा ठसा पुढे बाबूराव पेंटरांवर उमटला.