रातकिडे : जवळच्या जातींचे वर्गीकरण व ओळख

ऑर्थोप्टेरा गणाच्या एन्सिफेरा उपगणात मोडणारे, लांब शृंगिकांचे आणि मुख्यतः रात्री वावरणारे कीटक. नाकतोडे व टोळ याच गणातले असले, तरी त्यांच्या शृंगिका आखूड असतात आणि त्यांचा उपगण वेगळा आहे. रातकिड्यांचे नर पुढचे पंख एकमेकांवर घासून आवाज काढतात. माद्या साधारणपणे मुक्या असतात. जगभर त्यांच्या हजारो जाती आहेत. त्यांतल्या पुष्कळ जाती रंगारूपाने इतक्या सारख्या असतात, की मेलेला कीटक हातात घेऊन त्याचे नाव सांगणे अनेकदा अशक्य होते. अशा जाती वेगळ्या करायच्या तर शरीर, आवाज, अधिवास आणि जनुकीय पुरावा ही चारही अंगे एकत्र तपासावी लागतात. ही पद्धत आणि तिच्यातले धोके या नोंदीत खानदेशातील सावदा परिसर डोळ्यांसमोर ठेवून मांडले आहेत.

परिसर : सावदा हे जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातले, केळीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. भुसावळ–खांडवा लोहमार्गावर याच नावाचे स्थानक आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीवर केळीच्या बागा असा हा पट्टा आहे. जून-जुलैतली मृग बाग आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली कांदे बाग यांमुळे बारा महिने कुठे ना कुठे उभे पीक असते. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हाही ठिबकच्या नळ्यांखाली आणि गळून पडलेल्या केळीच्या पानांखाली ओल व सावली टिकते. कोरडवाहू शेतात मातीला खोल भेगा पडतात. बांधावर गवत, गावात गोठे व जुनी माती-विटांची घरे आणि सातपुड्याच्या पायथ्याला झुडपी रान आहे. इतके वेगवेगळे अधिवास हाकेच्या अंतरावर असल्याने जमिनीवरचे, बिळातले, घरातले आणि पानांवरचे रातकिडे एकाच रात्री शेजारीशेजारी ऐकू येऊ शकतात. ओळखीची अडचण इथूनच सुरू होते.

शरीराची खूणगाठ : ओळख पटवताना पहिली पाहणी शरीराचीच असते. बहुतेक जातींत मादीच्या मागच्या टोकाला सुईसारखा लांब अंडनिक्षेपक असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पुच्छिका नर व मादी दोघांनाही असतात. कान पुढच्या पायांच्या नडगीवर असतात. लांब शृंगिकांच्या कीटकाच्या पावलाचे खंड तीन असतील तर तो रातकिडा, चार असतील तर टोळासारखा दिसणारा हिरवा कीटक, अशी एक सोपी परीक्षा आहे. नराचा उजवा पंख बहुधा वर असतो. त्याच्या खालच्या बाजूला दातेरी शीर असते, तिला कानस म्हणतात. डाव्या पंखाची कड या कानशीवर घासली की आवाज होतो. पंखावरचे वीणा व आरसा या नावांचे पातळ भाग तो आवाज वाढवतात. कानशीची लांबी व दातांची संख्या, डोक्यावरचे पट्टे, अग्रवक्षाचा आकार, मागच्या नडगीवरचे काटे आणि नराच्या जननांगांची रचना ही वर्गीकरणाची नेहमीची लक्षणे आहेत. जवळच्या जातींमध्ये जननांगांचा पुरावा सर्वांत उपयोगी ठरतो, पण तो पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक व सराव लागतो.

शरीराची काही लक्षणे फसवी असतात. आकारमान पोषणावर अवलंबून राहते. रंग काळ्यापासून तपकिरीपर्यंत बदलतो. काही जातींत एकाच पिढीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकार निपजतात. पूर्ण वाढ झालेल्या लांब पंखांच्या रातकिड्याचे मागचे पंख गळूनही पडतात. पिल्ले अनेकदा कात टाकत मोठी होतात आणि शेवटची कात टाकेपर्यंत त्यांच्यात नावापुरतेच पंख असतात. म्हणून पिल्लावरून जात ठरवण्याचा मोह टाळावा.

भारतातील नोंदी : भारतीय रातकिड्यांचा सर्वांत व्यापक आधारग्रंथ फ्रेंच कीटकतज्ज्ञ ल्युसियाँ शोपार (१८८५–१९७१) यांचा आहे. भारतीय प्राणिसृष्टीवरील मालेत त्यांचा रातकिड्यांवरचा खंड १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील एम. वसंत यांनी ईशान्य भारतातील रातकिड्यांवरचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. ही संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डी येथे आहे. संग्रहालयातल्या वाळलेल्या नमुन्यांवर आधारलेल्या जुन्या वर्णनांत जिवंत कीटकाचा आवाज नसतो. जवळच्या जातींच्या बाबतीत हीच मोठी उणीव ठरते.

जमीन खणणाऱ्या रातकिड्यांचे उदाहरण बोलके आहे. पॅलिसो द बोव्हा यांनी १८०५ मध्ये आफ्रिकेतील नमुन्यांवरून ग्रिलोटाल्पा आफ्रिकाना या जातीचे वर्णन केले. नंतर दीर्घकाळ भारतापासून जपानपर्यंतच्या सारख्या दिसणाऱ्या कीटकांना हेच नाव चिकटत गेले. बी. सी. टाउनसेंड यांनी १९८३ मध्ये आफ्रिकेतील जातींची फेरतपासणी केल्यावर आशियातील नमुने त्यांतून वेगळे पडले. त्यांतले अनेक आता ग्रिलोटाल्पा ओरिएंटॅलिस या, १८३८ मध्ये बुर्माइस्टर यांनी वर्णिलेल्या जातीत मोडतात. त्यामुळे जुन्या कृषिपुस्तकात पहिले नाव दिसले, तरी ते तसेच उचलू नये.

आवाजाचा पुरावा : रातकिड्याचा आवाज माणसासाठी एक लक्षण आहे. मादीसाठी मात्र तीच आपल्या जातीच्या नराची ओळख असते. इव्हान रेगेन यांनी १९१३ मध्ये नराचा आवाज टेलिफोनवरून ऐकवला, तेव्हा मादी ध्वनी येणाऱ्या यंत्राकडे चालत गेली. नर दिसत नसताना, त्याचा वासही नसताना केवळ आवाजाने तिला ओढले. दोन जातींचे नर दिसायला सारखे असले तरी त्यांच्या माद्या आवाजावरून निवड करतात. म्हणूनच आवाजातला भेद वर्गीकरणाला थेट भिडतो.

पंख एकदा मिटला की एक ध्वनिस्पंद होतो. काही स्पंदांचा गट म्हणजे आपल्याला ऐकू येणारी एक 'किर्र'. स्पंदांमध्ये खंड न पडता ते सलग चालू राहिले तर लांब सूर ऐकू येतो. एका गटात किती स्पंद, एका सेकंदात किती गट, मधला विराम किती आणि सुराची कंप्रता किती, या चार मोजमापांवर बहुतेक तुलना होते. शेतातल्या रातकिड्यांची कंप्रता साधारणपणे ४ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास असते, त्यामुळे जातिभेद अनेकदा लयीतच सापडतो.

उत्तर अमेरिकेतील इतिहास याची साक्ष देतो. रेन व हेबर्ड यांनी १९१५ मध्ये तिथले ग्रिलस प्रजातीचे (जवळच्या जातींच्या गटाचे) शेतातले रातकिडे एकाच जातीत जमा केले. १९५२ मध्ये बी. बी. फुल्टन यांनी नॉर्थ कॅरोलायनातील याच कीटकांचे आवाज व जीवनक्रम तपासून त्यांत अनेक जाती असल्याचे दाखवले. आर. डी. अलेक्झांडर यांनी हे काम पुढे नेले. वाइसमन व ग्रे यांच्या २०१९ मधील ग्रंथात अमेरिकेतल्या ग्रिलस जातींची संख्या ३५ झाली आणि त्यांत १७ नव्या होत्या.

भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने या दिशेने महत्त्वाचे काम केले आहे. स्वाती मेत्राणी व बालकृष्णन यांनी २००५ मध्ये एकाच भागात राहणाऱ्या ओएकँथस प्रजातीच्या झाडावरच्या रातकिड्यांच्या सीमा आवाज व शरीर या दोन्ही लक्षणांनी तपासल्या. रंजना जैस्वरा, दीप्तार्का नंदी व बालकृष्णन यांनी २०१३ मध्ये शेतातील रातकिड्यांच्या आवाजांवर दोन सांख्यिकी पद्धतींची तुलना केली. आवाज कोणत्या जातीचे हे आधी ठाऊक असेल, तर विभेदन विश्लेषण अचूक ठरते आणि जातींची संख्या वाढली तरी टिकते. आधी काहीच ठाऊक नसताना वापरायचे गट-विश्लेषण सहा-सात जातींपर्यंत सर्वांत चांगले चालते, दहांपलीकडे त्याची अचूकता घसरते. खानदेशासारख्या ज्या भागाचा ध्वनिसंग्रह तयार व्हायचा आहे, तिथे आधी विश्वासार्ह नमुने जमवणे का आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

तापमान : रातकिडे शीतरक्ती असल्याने उबदार रात्री त्यांची लय वेगवान होते. अमोस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये या संबंधाचे सूत्र मांडले होते. शेतातल्या रातकिड्यांत तापमानाबरोबर स्पंदांची व गटांची गती वाढते, पण कंप्रता पंखाच्या रचनेने बांधलेली असल्याने फारशी बदलत नाही. ओएकँथसमध्ये कंप्रताही चढते. सावद्याच्या मे महिन्यातल्या रात्रीचे आणि डिसेंबरातल्या थंडीचे ध्वनिमुद्रण तापमान न नोंदवता शेजारी ठेवले, तर एकच जात दोन जाती वाटेल. म्हणून कीटकाजवळचे तापमान हा मुद्रणाचाच भाग समजावा.

प्रमुख जातींची तुलना : पुढील खुणा प्राथमिक निवडीसाठी आहेत.

ग्रिलस बायमॅक्युलेटस (द गेअर, १७७३) – आफ्रिका, दक्षिण युरोप व आशियात पसरलेला, दोन ते तीन सेंटिमीटर लांब, बहुधा काळा. पुढच्या पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके, क्वचित पुसट. शेत व मोकळी जमीन हे त्याचे ठिकाण. प्रयोगशाळेतील अभ्यासासाठीही तो जगभर पाळतात.

टेलिओग्रिलस – डोळ्यांवर भुवयांसारखे फिकट पट्टे. टे. मिट्रॅटस व टे. ऑक्सिपिटॅलिस या दोन्ही जाती भारतातून नोंदलेल्या असून त्यांची गल्लत वारंवार होते. इथे आवाज व जननांगे पाहिल्याशिवाय जातीचे नाव लिहू नये. याच प्रजातीतील टे. ओशिॲनिकस व टे. कोमोडस यांच्या संकरित माद्यांना संकरित नरांचाच आवाज अधिक भावतो, असे रोनाल्ड हॉय आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले. आवाज काढणे आणि ओळखणे या दोन्ही गोष्टी वारशाने कशा जोडलेल्या असाव्यात, याचा तो महत्त्वाचा पुरावा आहे.

ॲकेटा डोमेस्टिकस (लिनियस, १७५८) व ग्रिलोडेस सिजिलॅटस (वॉकर, १८६९) – दोन्ही फिकट तपकिरी आणि घराजवळ राहणारे, म्हणून त्यांची अदलाबदल होते. ॲकेटाच्या डोक्यावर गडद आडवे पट्टे असतात व दोन्ही लिंगांना पूर्ण पंख असतात. ग्रिलोडेस अधिक चपटा असतो. त्याच्या शरीरावर गडद आडवे पट्टे असतात, नराचे पंख आखूड व मादीचे जवळजवळ नाहीसे झालेले असतात. त्याचा सूर ६ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे अधिक चढा असतो. १९८० च्या दशकातील संशोधनात हीच जात ग्रिलोडेस सप्लिकन्स या नावाने छापलेली आढळते.

टार्बिन्स्किएलस पोर्टेंटोसस – जुन्या पुस्तकांत ब्रॅकिट्रूपेस. चार-पाच सेंटिमीटर लांब, मोठ्या डोक्याचा, खोल बीळ करणारा. रोपे तोडून बिळात नेत असल्याने पिकांना त्रास देतो.

ग्रिलोटाल्पा – पुढचे पाय खणण्यासाठी रुंद झालेले, अंग मखमली. मादीला बाहेर दिसणारा अंडनिक्षेपक नसतो. ही रचना इतर रातकिड्यांपासून त्याला सहज वेगळी करते. त्याचे कुलही वेगळे आहे.

ओएकँथस – नाजूक, फिकट हिरवट, झुडपांवर राहणारे. ओ. हेन्री या जातीचे काही नर पानाला भोक पाडून त्यात बसतात. पानाचा आडोसा मिळाल्याने आवाज अधिक जोरात जातो. अलीकडे या गटाला स्वतंत्र कुल मानतात.

जनुकीय पुरावा : पेशीतील तंतुकणिकेच्या सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून जातीची तुलना करतात. मुकी मादी, पिल्लू किंवा तुटलेला नमुना नरांशी जोडण्यासाठी ही पद्धत फार मोलाची आहे. तरीही ती एकटी पुरत नाही. या जनुकाच्या निकामी प्रती केंद्रकातही असतात आणि त्या चुकून वाचल्या गेल्या तर जातींची संख्या फुगते, हे होजुन साँग व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ऑर्थोप्टेरातील उदाहरणांवरून दाखवले. याउलट, जिथे दोन जातींत संकर होतो तिथे शरीर एका जातीचे आणि हे जनुक दुसऱ्या जातीचे असू शकते. अमेरिकेतील ग्रिलस फर्मस व ग्रि. पेन्सिल्व्हॅनिकस यांच्या संकरपट्ट्याचा रिचर्ड हॅरिसन यांनी या दृष्टीने दीर्घ अभ्यास केला.

नोंद करण्याची रीत : नर आवाज काढत असतानाच मुद्रण करावे आणि तोच नर पकडावा. दुसरा पकडला तर आवाज व शरीर यांचा दुवा तुटतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारा साधा मुद्रक या कंप्रतांसाठी पुरेसा आहे. सोबत दिनांक, वेळ, तापमान, जमिनीपासूनची उंची, पीक व नेमके ठिकाण लिहावे. नमुना मद्यार्कात ठेवावा व त्यावर मुद्रणाचाच क्रमांक टाकावा. ज्या मादीची जात ठरवायची तिची अंडी उबवून नर वाढवता आले तर पुरावा अधिक भक्कम होतो. यावल अभयारण्यासारख्या संरक्षित वनात कीटक पकडण्यासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक आहे. खात्री नसेल तिथे प्रजातीपर्यंतच नाव लिहावे. चुकीच्या पूर्ण नावापेक्षा अर्धे पण खरे नाव पुढच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

महत्त्व : केळीच्या कोवळ्या रोपाला धोकादायक असणारी जात कोणती आणि बांधावरचे तणांचे बी खाणारी कोणती, हे न ओळखता फवारणी केली, तर खर्च वाया जातो आणि निरुपद्रवी कीटक मरतात. जातीची नावे पक्की असतील, तर कोणत्या पिकात, कोणत्या हंगामात, कोणता रातकिडा वाढतो हे वर्षानुवर्षे तुलना करून सांगता येईल. सावदा, फैजपूर, रावेर, यावल या पट्ट्यातील बागायत, कोरडवाहू शेत व सातपुड्याचा पायथा यांचे आवाज आणि नमुने सोबतीने जमवणे हे स्थानिक महाविद्यालयांना सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. शिस्तीने ठेवलेली नोंद आणि तिच्याशी जुळणारा नमुना मात्र लागतो. अशा संग्रहाशिवाय खानदेशातील रातकिड्यांची कोणतीही यादी केवळ दुसरीकडच्या नावांची उचल ठरेल.