पाळकाची रजा

‘सब्बॅटिकल’ नांवाची एक रजा असते, आणि ती आम्हां प्राध्यापकांचीच खास मिरास आहे अशी आमची पुष्कळ दिवसांची समजूत होती. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें १८८० सालीं ती सुरू केली व तेथून ती इतरत्र पसरली, एवढें आम्हांस ठाऊक होतें. पण पाश्चात्य देशांतील कित्येक ख्रिस्ती मंडळ्या आपल्या पाळकांसही कांहीं वर्षांच्या सेवेनंतर अशी रजा देतात, आणि तिच्यावरून तेथें वादही होतात. देवाच्या कामाला सुटी कसली, असा एका पक्षाचा प्रश्न. अहोरात्र दुसऱ्यांचीं दुःखें ऐकणाऱ्या माणसाचें मन कोरडें पडल्यावर तो इतरांस देणार काय, असा दुसऱ्याचा. शब्दाचें मूळ पाहूं गेल्यास आमच्यापेक्षां पाळकांचाच हक्क आधींचा ठरतो. यहुदी लोकांच्या नियमशास्त्रांत सहा वर्षें जमीन कसावी, सातव्या वर्षीं ती पडीक ठेवावी, व त्या वर्षीं आपोआप उगवेल तें गोरगरिबांनीं खावें, अशी आज्ञा आहे. पडीक ठेवणें म्हणजे टाकून देणें नव्हे, हें आमच्या शेतकऱ्यांस निराळें सांगावयास नको.

म्हणूनच रजा आणि राजीनामा यांत घोटाळा करतां कामा नये. एमर्सननें १८३२ सालीं बॉस्टन येथील आपली मंडळी सोडली, आपल्याकडे रे. ना. वा. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली. ते दोघेही पुन्हां त्या जागीं आले नाहींत. आम्हांस येथें सांगावयाची आहे ती गोष्ट, ज्यानें जागा कधींच सोडली नाहीं, पण रजा मात्र पुनःपुन्हां मागितली, अशा एका पाळकाची आहे. तो म्हणजे हिप्पोचा बिशप ऑगस्टिन.

हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियांतील अन्नाबा. ऑगस्टिनचा जन्म इ. स. ३५४ सालीं त्याच प्रांतांतील थागास्ते गांवीं झाला. कार्थेज, रोम व मिलान येथें त्यानें वक्तृत्वशास्त्र शिकविलें; म्हणजे तो मूळचा आमच्याच धंद्यांतला. ३८६ सालीं त्याचें मन धर्माकडे वळलें, तेव्हां वर्ग अर्ध्यावर न टाकतां द्राक्षतोडणीची सुटी लागेपर्यंत तो शिकवीत राहिला व मग त्यानें अध्यापन सोडलें, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस फार आवडते. पुढें कांहीं महिने एका मित्राच्या मळ्यांतील घरीं आई, मुलगा व शिष्य यांच्यासह वाचनांत आणि चर्चेंत गेले. ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला, व नंतर आफ्रिकेस परतून मित्रांसह तो मठवासी आयुष्य घालवूं लागला. निवांतपणाची जी गोडी त्याला लागली ती या दिवसांत, आणि ती कधींच सुटली नाहीं.

३९१ सालीं एका ओळखीच्या माणसास मठाकडे वळवावें म्हणून तो हिप्पोस गेला. ज्या गांवीं बिशपची जागा रिकामी असे तेथें जाणें तो मुद्दाम टाळी. कारण लोकांच्या मनांत भरलेल्या माणसास बळेंच त्या जागीं बसविण्याची तेव्हां रीत होती. हिप्पोस व्हॅलेरियस नांवाचा बिशप होता, म्हणून हा निर्धास्त. परंतु व्हॅलेरियस पडला ग्रीक. लॅटिन बोलणें त्याला जड जाई. एके दिवशीं त्यानें मंडळीपुढें आपणांस साहाय्यक पाहिजे असें बोलून दाखविलें, आणि लोकांनीं गर्दींत उभ्या असलेल्या ऑगस्टिनला धरून पुढें आणलें. त्याच्या डोळ्यांस धारा लागल्या. त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो कीं, एकदम बिशप केलें नाहीं म्हणून हा रडतो आहे असें कांहीं जणांस वाटलें, व बिशपची पायरीही आतां जवळच आहे असें म्हणून त्यांनीं त्याची समजूत घातली! लोक आपल्या नेत्यांचे अश्रू कसे वाचतात याचा हा नमुना आम्हांस मोठा मासलेवाईक वाटतो.

त्यानंतर त्यानें व्हॅलेरियसला लिहिलेलें पत्र आज उपलब्ध आहे. पाळकाच्या रजेचा इतका जुना व इतका प्रामाणिक अर्ज आमच्या तरी वाचनांत दुसरा नाहीं. त्याचा आशय असा कीं, लोकांस रिझवून वरवर उरकावयाचें म्हटलें तर या पदासारखें सोपें व सुखाचें पद नाहीं, पण खरेपणानें चालवावयाचें म्हटलें तर याच्यासारखें कठीण व धोक्याचें दुसरें नाहीं. ज्याला वल्हें धरतां येत नाहीं त्याला सुकाणूजवळ बसविलें आहे. तेव्हां ईस्टरपर्यंत मला मोकळा वेळ द्यावा, म्हणजे शास्त्राच्या अभ्यासानें मी आपल्या दुबळेपणावर औषध शोधीन. या अर्जांत विश्रांतीचा शब्द नाहीं. रजा मागणारा कामापासून दूर जावयास निघालेला नसून कामास पात्र होऊं पाहत आहे. ही मुदत त्यास मिळाली असें अभ्यासक मानतात. व्हॅलेरियस मनाचा मोठा खरा. बिशप हजर असतां साध्या पाळकानें उपदेश करूं नये ही आफ्रिकेंतील वहिवाट मोडून त्यानें ऑगस्टिनला बोलावयास उभें केलें.

लवकरच ऑगस्टिन स्वतः बिशप झाला, आणि निवांतपणा संपला. कॉन्स्टंटाइन बादशहाच्या वेळेपासून दिवाणी तंटे तोडण्याचा अधिकार बिशपांकडे आला होता. वारसा, जमीन, कर्ज, अज्ञान मुलांची मालमत्ता, सारें काहीं त्याच्या दारीं येई. ख्रिस्ती येत तसे इतर पंथांचेही येत. कित्येक दिवशीं हें काम जेवणवेळेपर्यंत चाले, तर कधीं तो दिवसभर उपाशीं बसून फिर्यादी ऐके. मठांतील भिक्षूंनीं अंगमेहनत करावी या विषयावर त्यानें एक पुस्तक लिहिलें, त्यांत तो मध्येंच कबूल करतो कीं, दुसऱ्यांच्या भांडणांचा हा गोंगाट सोसण्यापेक्षां रोज नेमलेले तास हातानें काम करून उरलेला वेळ वाचन-प्रार्थनेंत घालविणें मला कितीतरी आवडलें असतें.

आतां ४२६ सालचा २६ सप्टेंबर. ऑगस्टिन एकाहत्तर वर्षांचा झाला होता. हिप्पोच्या ख्रिस्तमंदिरांत मंडळी जमली, लघुलेखक बसले, आणि त्यानें आपल्यामागें एराक्लियस या पाळकास बिशप करावें असें जाहीर केलें. लोकांनीं कोणती आरोळी किती वेळां दिली तेंही लघुलेखकांनीं टिपून ठेविलें आहे: देवाचे आभार व ख्रिस्ताची स्तुति तेवीस वेळां, ऑगस्टिनला आयुष्य मागणारी सोळा वेळां, तूंच आमचा पिता व तूंच बिशप ही आठ वेळां. हा उत्साह ओसरल्यावर म्हाताऱ्यानें आपली जुनी तक्रार काढली. दोन धर्मपरिषदांनीं मजवर शास्त्राभ्यासाचें काम सोंपविलें. त्यासाठीं आठवड्यांतले पांच दिवस मला कोणीं त्रास देऊं नये असें तुम्ही कबूल केलें, तें लिहूनही ठेवलें. थोडे दिवस तें पाळलेंत, मग मोडलेंत. आतां दुपारच्या आधीं नाहीं व नंतरही नाहीं, मला वेळ म्हणून उरत नाहीं. तरी यापुढें आपलीं गाऱ्हाणीं एराक्लियसकडे न्या. लोकांनीं याही वेळीं मोठ्यानें होकार दिला.

या लोकांना दोष द्यावा काय? ज्याच्या शेताचा बांध शेजाऱ्यानें कोरला आहे त्याला आज आठवड्याचा कोणता वार हें सुचत नाहीं. शिवाय पाळक दूर गेला म्हणजे मंडळी सैल पडते, हें रजेविरुद्ध बोलणाऱ्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. ४१० सालीं ऑगस्टिन प्रकृतीसाठीं हिप्पोबाहेर होता, तेव्हां गरिबांस वस्त्रें देण्याचा परिपाठ मंडळीनें सोडल्याचें त्याच्या कानावर आलें, व दुरून पत्र लिहून त्याला त्यांची कानउघाडणी करावी लागली. उलट, त्यानें आपल्या ग्रंथांची जी फेरतपासणी लिहिली तींत ९३ ग्रंथांचा हिशेब आहे. यांतील कितीतरी ग्रंथ कोणाच्या तरी प्रश्नामुळें, आग्रहामुळें किंवा तंट्यामुळेंच जन्मास आले. मळ्यांतल्या घरीं तो शेवटपर्यंत राहता तर ते लिहिले गेले असते असें आम्हांस वाटत नाहीं. तरीही आमचें मत त्याच्याच बाजूचें आहे. दिलेलें वचन मंडळीनें पाळावयास हवें होतें. कारण ज्या विहिरीवर सारा गांव पाणी भरतो तिचा गाळ काढावयास चार दिवस दोर आवरावे लागतात, आणि तेवढेही हिप्पोच्या लोकांनीं आवरले नाहींत.

४२८ च्या सुमारास तो एका मित्रास लिहितो कीं, हातीं दोन ग्रंथ आहेत. एकावर दिवसा व दुसऱ्यावर रात्रीं काम करतों, तेंही दुसरीं कामें वेळ ठेवतील तेवढेंच. पुढें व्हँडल लोकांनीं आफ्रिका बुडवीत आणली, व ४३० सालीं हिप्पोस वेढा पडला. आसपासचे कित्येक बिशप आश्रयास आले होते, त्यांत पोसिडियसही होता. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत ऑगस्टिनला ताप आला. दाविदाचीं पश्चात्तापाचीं कांहीं स्तोत्रें लिहवून त्यानें अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावून घेतलीं. मृत्यूपूर्वीं सुमारें दहा दिवस त्यानें सांगितलें कीं, वैद्य येतील तेव्हां किंवा जेवण आणतील तेव्हां, याखेरीज कोणीं आंत येऊं नये. या वेळीं मात्र कोणी आलें नाहीं. २८ ऑगस्ट ४३० रोजीं तो वारला. त्यानें मृत्युपत्र केलें नव्हतें, कारण देण्यासारखें जवळ कांहीं नव्हतें. मंडळीचें ग्रंथालय व तेथील सर्व पोथ्या पुढच्या लोकांसाठीं नीट जतन कराव्या, एवढें तो वारंवार सांगत असे.