खाटीकखान्याची भिंत

ज्या काळी लंडनच्या ऐन मध्यवस्तीत, सेंट पॉलच्या घुमटाच्या छायेत म्हणावे इतक्या जवळ, स्मिथफील्डचा गुरांचा बाजार भरत असे आणि खेड्यापाड्यांतून हाकून आणलेली जनावरे भर रहदारीतून वाट काढीत आसपासच्या गल्लीबोळांत सुरीखाली जात असत, त्या काळी तेथील नागरिकाला आपल्या ताटातील मांसाची कुळकथा कोणी समजावून सांगावी लागत नसे. ती त्याच्या दारावरून रोज हंबरत जात असे. पशुवधाचे हे दर्शन पुढे शंभर वर्षांच्या अवधीत मोठ्या शहरांतून जवळजवळ नाहीसे झाले. खाटीकखाना वेशीबाहेर गेला, त्याभोवती भिंत उभी राहिली, आणि नेमक्या त्याच काळात साहित्य त्या भिंतीच्या आत जाऊ लागले. जे समाजाने नजरेआड केले ते पुन्हा नजरेसमोर आणण्याचे काम लेखकांनी कसे केले, आणि तसे करताना त्यांना पशूबरोबर आणखी कोण दिसले, हा इतिहास मननीय आहे.

चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत, दरोडा घालण्यासाठी नेला जाणारा लहानगा ऑलिव्हर भल्या पहाटे स्मिथफील्डमधून जातो. घोट्याघोट्याएवढा चिखल, गुरांच्या घामेजल्या अंगांतून निघून धुक्यात मिसळणारी वाफ, बैलांचे हंबरणे, मेंढ्यांचे बेंबें ओरडणे, गुरे हाकणाऱ्यांच्या शिट्या आणि कुत्र्यांचे भुंकणे यांच्या त्या कल्लोळात, दुसऱ्याच्या मुठीत हात अडकलेले ते पोरही हाकून नेल्या जाणाऱ्या जनावरांपैकीच एक होऊन जाते; आणि लेखकाने तसे शब्दांनी कोठेही सांगितलेले नसताना वाचकाला ते उमगते. वीस-बावीस वर्षांनी लिहिलेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये लंडनला नवाच आलेला पिप याच बाजारातील रक्त आणि चरबी यांना किळसून पळ काढतो, तो थेट न्यूगेटच्या तुरुंगासमोर येऊन ठेपतो, जेथे माणसांना फाशी देण्याची जागा त्याला दाखविण्यात येते. पशूंच्या वधस्थानाला लागून माणसांचे वधस्थान होते, ही लंडनच्या भूगोलातील साधी गोष्ट. परंतु तिच्यातील अर्थ कादंबरीकाराने टिपला.

डिकन्स केवळ वर्णन करून थांबला नाही. नेपोलियनच्या हुकमाने पॅरिसमध्ये पाच सार्वजनिक कत्तलखाने बांधण्यात येऊन १८१८ मध्ये ते सुरू झाले होते. त्यांचा दाखला देऊन १८५१ साली त्याने आपल्या साप्ताहिकात स्मिथफील्डच्या कारभाराची खरमरीत हजेरी घेतली. १८५२ मध्ये कायदा झाला आणि १८५५ मध्ये जिवंत गुरांचा बाजार इझ्लिंग्टनच्या बाजूस हलविण्यात आला. या सुधारणेने शहराचे आरोग्य सुधारले, जनावरांचे रस्त्यातील हालही कमी झाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जी दृष्टिआड झाली ती सृष्टी हळूहळू अंतःकरणाआडही झाली. १८२२ च्या कायद्याने गुरांना निर्दयपणे मारझोड करणे गुन्हा ठरविले होते आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १८२४ मध्ये संस्थाही निघाली होती; तरी सभ्य समाजाची करुणा मुख्यतः रस्त्यावरील चाबकापर्यंत पोहोचली, भिंतीआतील सुरीपर्यंत ती क्वचितच गेली.

तेथपर्यंत जाण्याचे धैर्य टॉलस्टॉयने दाखविले. हॉवर्ड विल्यम्स याने आहारनीतीवर लिहिलेल्या ग्रंथाच्या रशियन भाषांतराला प्रस्तावना लिहावयाची होती (हाच मूळ इंग्रजी ग्रंथ विद्यार्थिदशेत लंडनमध्ये गांधीजींच्याही वाचनात आला होता). तेव्हा, ज्याविषयी लिहावयाचे ते डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे, या निष्ठेने तो १८९१ मध्ये आपल्या गावापासून जवळच असलेल्या तुला शहराच्या कत्तलखान्यात गेला. त्यातून १८९२ साली प्रसिद्ध झालेला ‘पहिली पायरी’ हा निबंध निर्माण झाला. त्यातील वधाची वर्णने अंगावर काटा आणणारी आहेत. पण मला त्याहून मोलाची वाटतात ती त्यात भेटणारी माणसे. पूर्वी शिपाईगिरी केलेला एक कसाई त्याला भेटतो. जनावर मारताना दया येत नाही का, असे विचारताच तो प्रथम चकित होतो, हे तर नेमून दिलेलेच आहे, असे ठरीव उत्तर देतो. आणि मग, जनावर गरीब असले, माणसावर विश्वास टाकून आपल्या पायांनी चालत आले, म्हणजे फार वाईट वाटते, अशी कबुली देतो. दुसरा एक गाडीवान खेड्यात डुकराचा वध पाहून जड निःश्वास सोडतो आणि याचा जाब द्यावा लागणार नाही का, असे स्वतःलाच विचारतो. ही अडाणी म्हणून गणलेली माणसे; आणि त्यांच्यासमोर टॉलस्टॉय उभी करतो ती सुखवस्तू घरातील कोमल मनाची स्त्री, जिला पशूचे दुःख पाहवत नाही, परंतु त्याचे मांस वर्ज्य वाटत नाही. १७५१ साली चित्रकार होगार्थने क्रौर्याच्या चार अवस्था चितारल्या, तेव्हा पशूला छळणारा तो पुढे खुनी होतो असा क्रम त्याने हीन वस्तीतील एका पोराच्या आयुष्यावर बसविला होता. टॉलस्टॉयने तो आरोप सुरी धरणाऱ्याच्या माथ्यावरून उचलून, सुरी धरावयास लावणाऱ्याच्या ताटापाशी आणून ठेवला.

इकडे अमेरिकेत वधाचा कारखाना झाला होता. १८६५ च्या नाताळच्या दिवशी शिकागोत ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ हा गुरांचा विस्तीर्ण तळ उघडला आणि आगगाड्यांनी आलेली जनावरे तेथे अखंड साखळीने कापली जाऊ लागली. मोटारीच्या जुळणीची कल्पना याच व्यवस्थेवरून सुचल्याचे पुढे हेन्री फोर्डने नमूद करून ठेवले आहे. १९०४ मध्ये अप्टन सिंक्लेअर सात आठवडे तेथील मजुरांत वावरला आणि १९०६ साली त्याची ‘द जंगल’ ही कादंबरी ग्रंथरूपाने बाहेर पडली. लिथुएनियातून पोट भरण्यासाठी आलेला तिचा नायक युर्गिस प्रथम पाहुण्यासारखा कारखाना पाहतो. डुकरे आपल्याच पायांनी चढण चढून वरच्या मजल्यावर येतात. तेथे एक प्रचंड चाक पायात अडकविलेल्या साखळीने त्यांना उचलते, आणि मग त्यांच्याच वजनाच्या जोरावर त्यांची कलेवरे एकेका मजुराच्या हाताखालून उतरत जातात. पाहणाऱ्या बायकांचे डोळे भरून येतात. प्रत्येक जनावर हा एक स्वतंत्र जीव होता, त्याला त्याची इच्छा आणि आशा होती, असा विचार लेखकाच्या लेखणीतून सुटून जातो. आपण डुक्कर नाही हे बरे, असे युर्गिस मनाशी म्हणतो; परंतु पुढे त्याची कथा त्याच साखळीने चालते. तोही स्वतःच्या पायांनी तेथे आलेला असतो, आणि त्याचेही बळ अखेरच्या थेंबापर्यंत पिळून घेतले जाते.

पुस्तकाने देश हादरला, पण वाचकांना प्रथम आठवले ते स्वतःचे पोट. ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा आणि अन्नशुद्धीचा असे दोन कायदे झाले. मजुराच्या वेतनाबद्दल त्यांत चकार शब्द नव्हता, आणि वधापूर्वी पशूला वेदनाशून्य करावे असा तेथील केंद्रीय कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. आपण लोकांच्या हृदयाचा वेध घेतला होता, बाण पोटाला लागला, अशी खंत सिंक्लेअरने पुढे व्यक्त केली. तिकडे जर्मनीत १९२९ मध्ये आल्फ्रेड डोब्लीनने ‘बर्लिन आलेक्झांडरप्लाट्झ’ या कादंबरीत बर्लिनच्या कत्तलखान्याचे क्षेत्रफळ, इमारती, आवक यांचे कोरडे आकडे सरकारी दप्तराप्रमाणे मांडले आणि मग एकाच बैलाच्या मृत्यूपाशी तो थांबला, माणसाची गती तीच पशूची गती, हे बायबलमधील वचन त्याने तुरुंगातून सुटलेल्या आपल्या नायकाच्या कथेत गुंफले.

आपल्याकडे हा विषय वेगळ्या वाटेने आला आहे. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी गंगोदक घालणाऱ्या एकनाथांची कथा ज्या भूमीत घरोघर सांगितली जाते, जेथे मुंबईसारख्या व्यापारी शहरात १८३४ मध्येच पांजरापोळ निघाला, तेथे भूतदयेची उणीव होती असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच भूमीत खाटकाला, कातडी कमावणाऱ्या ढोराला, मेलेले जनावर ओढून नेणाऱ्याला आपण गावकुसाबाहेर ठेवले. जनावराबद्दल कळवळलेले मन त्या माणसाच्या दारापाशी मात्र कोरडे राहिले. मुंबईचा खाटीकखाना वांद्र्यास गेला, १९७१ मध्ये देवनारला गेला; भिंत तेवढी दूर सरकली, आणि तिच्या आत रोजंदारीवर राबणाऱ्याचे नाव आपण विचारले नाही.

म्हणून या साहित्याकडून घ्यावयाचा धडा मला एकच दिसतो. करुणेची वाटणी होत नाही. पशूविषयीची दया जर त्याला मारणाऱ्या गरिबाच्या द्वेषात परिणत झाली तर ती दया नव्हे, अहंकार होय. आणि मजुराविषयीची कळकळ जर त्याच्या हातून मरणाऱ्या जिवाच्या वेदनेपाशी थबकली तर तीही अर्धीच राहिली. आहार कोणता घ्यावा याचा निवाडा ज्याचा त्याने आपल्या विवेकाने करावा. परंतु आपल्यासाठी काय केले जाते आणि ते कोणाच्या हातून करविले जाते, हे जाणून घेण्याच्या कर्तव्यातून मांसाहारी किंवा शाकाहारी, कोणाचीच सुटका नाही.