चाक आणि दांडा : एका जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या दुरुस्तीतून दिसणारा इतिहास



टेबलावर हे जे चाक ठेवले आहे ते एमजीबी नावाच्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचे आहे. आमच्या एका स्नेह्याने आजच्या संध्याकाळपुरते दिले. मागच्या रांगेतून नीट दिसणार नाही, म्हणून सांगतो. काळी रिम आहे, व्यास साडेसोळा इंच, आणि मधल्या बोंड्यापासून रिमपर्यंत तारांचे तीन जुडगे गेले आहेत. त्या तारा रिमला जिथे भिडतात, तिथे चिरा पडल्या आहेत. रिमच्या मागच्या बाजूला बोटे बसावीत म्हणून खाचा होत्या. डाव्या बाजूच्या खाचा जवळजवळ गुळगुळीत झाल्या आहेत. व्याख्यानानंतर जरूर हातात घेऊन बघा.

आता इतिहासाच्या व्याख्यानमालेत गाडीचे चाक कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. आमचे म्हणणे इतकेच आहे की जुनी वस्तू दुरुस्त करायला बसले की इतिहासाचा सगळ्यात अवघड प्रश्न आपोआप समोर येतो. मागे न्यायचे म्हणजे नेमके कुठपर्यंत न्यायचे? आणि मधल्या काळात माणसे जे शिकली, त्याचे काय करायचे?

सुरुवात थोडी मागून करू. पहिल्या मोटारींना चाक नव्हतेच. होडीच्या सुकाणूला असते तशी एक दांडी असे, ती डावीकडे-उजवीकडे ढकलायची. वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त असेपर्यंत ते चालून गेले. १८९४ साली पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची स्पर्धा झाली. तीत आल्फ्रेड वाशरॉन याने आपल्या पानार गाडीला दांडीऐवजी चाक बसवले होते, अशी नोंद आहे. पुढे १८९८ पासून पानार कंपनीने आपल्या गाड्यांना चाकच द्यायला सुरुवात केली. फायदा उघड होता. दांडी थोडी हलली की गाडी खूप वळते. चाक मात्र बरेच फिरवावे तेव्हा गाडी थोडी वळते, त्यामुळे वेगात असताना हात जरा थरथरला तरी गाडी रस्ता सोडत नाही.

पण चाक आले की त्याच्या मागे दांडा आला. म्हणजे चाकापासून पुढच्या यंत्रणेपर्यंत जाणारा लोखंडी कणा. याला आज सगळे स्टिअरिंग कॉलम म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. या दांड्याचे एक टोक गाडीच्या नाकाकडे आणि दुसरे टोक चालकाच्या छातीसमोर. पुढची कितीतरी दशके ही रचना जवळजवळ तशीच राहिली, आणि ती बघून कुणाला फारसे काही वाटले नाही.

आता या चाकाच्या गाडीकडे येऊ. एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत बनत राहिली. कारखाना ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. आपल्याशी तिचे एक दूरचे नातेही आहे बरं का. आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षे जे १४८९ सीसीचे इंजिन होते, ते बी-सिरीज या घराण्यातले. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले, थोरल्या मापाचे. ही गाडी फार श्रीमंतांसाठी नव्हती. नोकरदार तरुणाला परवडेल अशी दोन माणसांची उघडी गाडी, असे तिचे स्वरूप. आणि तिचा मोठा हिस्सा समुद्रापलीकडे अमेरिकेत विकला जाई. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे आहे.

चाकाच्या तारा शोभेच्या नव्हेत. या गाडीत रॅक आणि पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग आहे. म्हणजे दांड्याच्या टोकाला दातेरी चक्री, आणि ती एका दातेरी पट्टीला डावीकडे-उजवीकडे सरकवते. ही पद्धत नेमकी आणि साधी, पण रस्त्यावरचा खड्डा ती चालकाच्या हातापर्यंत पोचवते. तारांचे आरे किंचित लवतात आणि तो हादरा थोडा गिळतात. शेवटी त्या लवण्यानेच रिमच्या सांध्याशी चिरा पडतात. म्हणजे या चिरा निष्काळजीपणाच्या नाहीत, चाकाने आपले काम केल्याच्या आहेत.

त्या दुरुस्त कशा करायच्या? आधी चाक काढावे लागते. बॅटरीची तार सोडायची, पुढची चाके सरळ ठेवायची, मधले हॉर्नचे बटण उचलायचे. बोंडा आणि दांडा यांवर समोरासमोर बारीक खूण करायची, नाहीतर परत बसवताना चाक वाकडे बसते. नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. दोन-चार आटे राहू द्यायचे. कारण वर्षानुवर्षे घट्ट बसलेले चाक दात सोडते तेव्हा एकदम सुटते, आणि ओढणाऱ्याच्या तोंडावर येते. पुलर लावून सावकाश ओढायचे. दांड्याच्या टोकावर हातोडा मारायचा नाही. हातोडा का नको, ते पुढे सांगतो.

रिमच्या आत लोखंडी कडे असते, त्यावर प्लॅस्टिक ओतलेले. चीर वरून भरली तर ती वर्षभरात पुन्हा उघडते. म्हणून ती आधी कोरून व्ही आकाराची करायची, आतल्या कड्याचा गंज घासून काढायचा, मग दोन भाग कालवून लावायचे एपॉक्सी थराथराने भरायचे. वाळले की पॉलिश पेपरने घासायचे, अस्तर द्यायचे, रंग द्यायचा. आणि कडेच गंजून बारीक झाले असेल तर चाक भिंतीवर टांगायचे, गाडीत बसवायचे नाही. इथे भावना कामाच्या नाहीत.

बोटांच्या खाचांचे काय? चांगल्या खाचेचा साचा घेऊन झिजलेल्या खाचा नव्यासारख्या करता येतात. आमच्या स्नेह्याने त्या तशाच ठेवायचे ठरवले आहे. कारखान्यातून निघालेले चाक आणि कुणीतरी वर्षानुवर्षे डाव्या हाताने धरलेले चाक, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चीर धोक्याची, म्हणून ती भरायची. झीज धोक्याची नाही, म्हणून ती ठेवायची. आम्हाला हा विवेक पटला.

आता दांड्याकडे. चाक हलवून बघितले आणि ते वरखाली डुगडुगले, तर आतला बुश गेला असे समजायचे. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हा बुश तेलात किंवा ग्रॅफाइटमध्ये भिजवलेल्या नमद्याचा असे, काहींत नायलॉनचा. खाली दांडा आणि रॅक यांच्यामध्ये युनिव्हर्सल जॉइंट असतो, मेस्त्री लोक त्याला सरळ 'क्रॉस' म्हणतात. त्यात प्ले असेल तर बदलायचा. त्याचा बोल्ट दांड्याच्या खाचेतून गेला आहे ना, हे दोनदा बघायचे. ही कामे कुठलाही बरा फिटर करील.

अडचण पुढे आहे. एमजीबीचा दांडा एकच नाही. सुरुवातीच्या गाड्यांत तो अखंड लोखंडी आहे. १९६८ च्या मॉडेलपासून अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांत तो वेगळा आहे, धडकेत आत दबणारा. एकच कारखाना, एकच गाडी, पण ती कुठल्या देशाला जाणार यावर चालकाच्या छातीसमोर काय असेल ते ठरत होते. अमेरिकेच्या गाड्यांना डॅशबोर्डवर जाड मऊ गादीही बसवली गेली. तिला तिथले शौकीन आजही 'अ‍ॅबिंग्डनची उशी' म्हणून चिडवतात. इंग्लंडमधल्या गाड्यांना मात्र पत्र्याचाच डॅशबोर्ड राहिला.

हे का झाले? कारण मधल्या काळात एक प्रश्न बदलला होता. तोवर अपघात झाला की विचारले जाई, चूक कुणाची? उत्तर बहुधा ठरलेले असे, चालकाची. पण काही माणसे वेगळे विचारू लागली. चूक कुणाचीही असो, माणूस मेला कशाने?

असे विचारणाऱ्यांत ह्यू डीहेवन हे नाव घ्यावे लागते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विमान चालवायला शिकताना त्याचे विमान कोसळले. तो वाचला, पण पोटात मोठ्या दुखापती झाल्या. त्या दुखापती पट्ट्याच्या बकलने केल्या, अशी त्याची खात्री पटली. पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्याने अपघातांतल्या जखमांच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. काचसामान पेटीत कसे बांधतात याचा जो विचार आपण करतो, तो गाडीतल्या माणसाबद्दल का करू नये, असा त्याचा साधा मुद्दा होता. त्या नोंदींत स्टिअरिंगचे चाक आणि दांडा वारंवार येत होते. समोरून धडक बसली की गाडीचे नाक मागे दबते, त्याबरोबर अखंड दांडा मागे सरकतो. त्याच क्षणी चालक पुढे फेकला जातो. दोघांची गाठ छातीपाशी पडते.

१९६५ साली राल्फ नेडर यांचे 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक आले, आणि १९६६ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांपासून दबणारा दांडा दिला. जर्मनीत मर्सिडीजमध्येही १९६७ मध्ये तो आला, त्यामागे बेला बारेनी या अभियंत्याचे बरेच काम होते. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नियमच झाला : ताशी ३० मैल वेगाने भिंतीवर आदळल्यावर दांड्याचे वरचे टोक चालकाच्या दिशेने पाच इंचांपेक्षा जास्त मागे येता कामा नये. बघा, या नियमात चालक सावध होता की बेफिकीर, याबद्दल अक्षर नाही. कायद्याने जबाबदारी वस्तूवर, म्हणजे ती बनवणाऱ्यावर टाकली.

असा दांडा बहुधा दोन तुकड्यांचा असतो, नळीत नळी बसावी तसा. ते दोन तुकडे प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्यांनी जोडलेले असतात. धडक बसली की खुंट्या तुटतात आणि एक तुकडा दुसऱ्यात शिरतो. मघाशी हातोडा नको म्हटले ते यासाठी. कुणी जोराने ठोकले तर त्या खुंट्या तेव्हाच तुटतात. मग वरून सगळे ठीक दिसते आणि आत दांडा सैल झालेला असतो.

आता स्नेह्यापुढचा पेच सांगतो. त्याची गाडी १९६८ पूर्वीची. तिचा खरा दांडा म्हणजे अखंड दांडा. स्पर्धेच्या परीक्षकाला तोच हवा असेल. पण हा माणूस रविवारी सकाळी मुलीला शेजारी बसवून ती गाडी रस्त्यावर चालवतो. 'जसे होते तसे' करायचे म्हणजे १९६२ साली कुणाला जे खटकत नव्हते, तेही परत आणायचे का?

जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिची तुरीनची सनद म्हणून एक सनद आहे. तिचा रोख असा की मूळ ते जपावे, बदल करावाच लागला तर तो परत उलटवता येईल असा करावा, आणि त्याची नोंद ठेवावी. आमचे मत याच वाटेने जाते. गाडी संग्रहालयात उभी राहणार असेल तर अखंड दांडाच असू द्या, आणि शेजारी फलकावर तो काय करू शकत असे तेही लिहा. गाडी रस्त्यावर जाणार असेल तर नंतरचा दबणारा दांडा त्याचे टेकू, बोंडा, चाक जुळतात का हे पाहून पूर्ण संच म्हणून बसवा, पट्टे बसवा, आणि जुना दांडा तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवून द्या. मग हे भरलेले चाक नव्या दांड्याला जुळले नाही तर? तर तेही त्या चिठ्ठीबरोबर ठेवून द्यावे. दाते कानशीने घासून ते बळेच बसवू नये.

काहीजण या निमित्ताने लाकडी रिमचे चकचकीत चाक आणून बसवतात. दिसते सुंदर. पण त्याने ना १९६२ परत येते, ना १९६८ चे शहाणपण राहते.

आमच्या स्नेह्याने काल फोन करून सांगितले की त्याने दबणारा दांडा मागवला. जुन्याला बांधायच्या चिठ्ठीवर काय लिहू, असे विचारत होता. आम्ही सांगितले : कोणत्या गाडीचा, कधी काढला, आणि का काढला. तिसरे उत्तर बहुतेक लोक लिहीत नाहीत. पन्नास वर्षांनी कुणाच्या हाती तो दांडा लागेल, त्याला नेमके तेच हवे असेल.

इथे थांबतो. चाक इथेच आहे, या आणि बघा. फक्त चिरांवर जोर देऊ नका, अजून भरायच्या आहेत.