ओटा : स्वयंपाकघराच्या इतिहासातील एक शब्द

कोकणची किनारपट्टी आणि यवतमाळचा कापूसपट्टा येथील स्वयंपाकघरांतील भेद सरपणापासूनच सुरू होतो. किनाऱ्यावर झावळ्या, सोडणे व करवंट्या चुलीत जात. यवतमाळकडे कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी. कोकणात दीर्घ पावसाळ्यात सरपण कोरडे राखण्याची चिंता, तर यवतमाळात उन्हाळ्याची धग जाचक. मांडणी मात्र दोन्हीकडे सारखी : संस्कृत 'चुल्ली'पासून आलेली चूल जमिनीलगत, तिला जोडून वैल, आणि समोर बसून रांधणारी स्त्री.

'ओटा' या शब्दाचा जुना अर्थ घरापुढील बांधीव उंचवटा, म्हणजे चारचौघांनी बसण्याची जागा. विसाव्या शतकात हा शब्द घरात शिरून उभ्याने स्वयंपाक करण्याच्या बांधकामास लागला. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली आखलेल्या फ्रांकफुर्टच्या स्वयंपाकघरात गृहिणीच्या पावलांचा हिशेब होता. मराठी घरात ओटा रूढ होण्यास इंधनाचेही कारण घडले. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने शेगडी सिलिंडरहून उंच ठेवणे इष्ट ठरते. १९६५ मध्ये 'इंडेन' व २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. तरी खेड्यांतील अनेक घरांत गॅसच्या जोडीला चूल टिकून आहे.

या स्थलांतरात धूर व वाकणे कमी झाले, हा लाभ निर्विवाद होय. परंतु बाहेरच्या ओट्यावर अनेकजण बसत. आतल्या ओट्यापाशी बहुधा एकटी स्त्रीच उभी असते. शब्द स्थिर राहिला, त्यातील सोबत मात्र गळाली.