एका अनुस्वारापायी हरवलेलं पुस्तक

गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ साली छापलं गेलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे 'चें'वर अनुस्वार होता. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आज आपण मोबाइलवर 'मुंबईचे वर्णन' टाइप करतो. ग्रंथालयाची वेबसाइट अक्षराला अक्षर जुळवूनच शोधत असेल, तर उत्तर येतं : शून्य पुस्तकं. पुस्तक मात्र कपाटातच असतं.

हा घोळ नवा वाटतो, पण प्रश्न जुना आहे. राजकीय आश्रयासाठी इटलीतून इंग्लंडला आलेले अँटोनियो पनिझी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात काम करत होते. गरीब विद्यार्थ्यालाही पुस्तकांच्या बाबतीत श्रीमंतातल्या श्रीमंताइतकीच सोय मिळावी, असं त्यांनी १८३६ साली संसदीय समितीपुढे सांगितलं. १८४१ साली त्यांचे सूचीचे ९१ नियम छापले गेले. एकच लेखक दोन नावांनी लिहीत असेल तर काय करायचं, याचाही विचार त्यात होता. उपाय साधा : एका नोंदीवरून दुसरीकडे बोट दाखवायचं. 'अमुक पाहा.'

आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. तिथे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाता येऊ लागलं, आणि खेड्यापाड्यांत पेट्यांमधून पुस्तकं पोचू लागली. पुढे गणिताचे अध्यापक असलेले एस. आर. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा : वाचकाचा वेळ वाचवा.

आता हा चौथा नियम हातात धरून एखादी ग्रंथालयाची वेबसाइट उघडून बघा. वर इमारतीचा फोटो, मग पदाधिकाऱ्यांचे फोटो, मग सरकत जाणाऱ्या सूचना. पुस्तक शोधायची चौकट कुठेतरी तळाशी. म्हणजे कपाटापुढे पुन्हा काउंटर येऊन बसला. वेबसाइट नव्याने करायची ठरली की चर्चा होते ती रंगांची आणि बोधचिन्हाची.

खरं काम सूचीत आहे. अनुस्वार असो-नसो, 'ग्रंथ' लिहा की 'ग्रन्थ', ऱ्हस्व-दीर्घ चुको; पुस्तक सापडलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक जुन्या नावाला आजच्या लेखनाची जोड द्यावी लागते. ते कंटाळवाणं काम आहे, आणि मराठी जाणणाऱ्या माणसालाच ते नीट जमतं. कार्डांच्या खणात 'पाहा' लिहिणारा ग्रंथपाल हेच करत होता. कार्डं संगणकावर चढवताना पुस्तकाचं नाव आणि क्रमांक तेवढा घेतला आणि 'पाहा' मागे राहिलं, तर ते ज्ञानही खणातच राहतं.

जे पुस्तक शोधून सापडत नाही, ते कुणी मागत नाही. जे कुणी मागत नाही, ते जागा कमी पडली की आधी बाहेर जातं. म्हणून आपल्या ग्रंथालयाची नवी वेबसाइट आली, की आधी हे जुनं नाव दोन्ही प्रकारे टाकून बघा. नाही सापडलं, तर ग्रंथपालांना सांगा.